चेअरमनसाहेबांना खुनी करण्याआधी

अगं, तू पाठवलेली प्रकरणं एका बैठकीत वाचून काढली. खून कुणी केला ते मला अजून उमगलेलं नाही, हे तुझं यश. पण पतसंस्थेचे चेअरमन म्हणजे कोण, वाचनालयातल्या बाई म्हणजे कोण आणि एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीशेजारी बसून अख्ख्या तालुक्याच्या सोयरिकी जुळवणारे अण्णा म्हणजे कोण, हे मात्र पहिल्या काही पानांतच कळलं. मी तुमच्याकडे येते ती लग्नाकार्यापुरती. मला कळतं, तर रोज त्याच स्टँडवरून गाडी पकडणाऱ्यांना कळायला कितीसा वेळ लागणार?

तू म्हणशील, ताई, नावं बदललीत की! बदललीस खरी. पण चेअरमनांचा पांढरा सफारी, बोलायला लागण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायची सवय आणि दर दोन वाक्यांनंतर येणारं ‘विषय संपला’, हे सगळं जसंच्या तसं ठेवलंयस. गावात माणसाचं खरं नाव बहुतेक मतदारयादीतच सापडतं. एरवी तो ओळखला जातो टोपणनावावर, चालण्यावर आणि पालुपदावर. तू नेमकं तेवढंच सांभाळून ठेवलंस आणि ज्याला कुणी विचारत नाही ते नाव तेवढं बदललंस.

लगेच रुसू नकोस. गावातल्या माणसांवरून लिहूच नकोस असं मी म्हणत नाही. मग काय हवेतून माणसं काढायची? आपण वाढलो ‘व्यक्ती आणि वल्ली’ आणि ‘माणदेशी माणसं’ वाचत. वेगळा माणूस दिसला की त्याचं चित्र काढावंसं वाटणं ही आपल्या मराठी हाताची सवयच आहे. आणि रहस्यकथा आपल्याकडे फोफावली ती बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार नि काळा पहाडच्या अंगाने: वेषांतरं, पाठलाग, मध्यरात्रीचे रस्ते. पतसंस्था, भजनी मंडळ, बचत गट, यांतली माणसं त्या कथांची नव्हेतच. तू ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आणू बघतेयस आणि मला ते मनापासून आवडलंय. म्हणूनच हे एवढं लांबण लावतेय.

व्यक्तिचित्रात लिहिणारा त्या माणसाच्या बाजूने उभा असतो. माणूस तिरसट असो, चिकट असो, वाचकाने शेवटी त्याला आपलं म्हणावं एवढीच धडपड असते. रहस्यकथेत उलटं. वाचकाने प्रत्येकाकडे संशयाने बघावं हीच तुझी इच्छा. पाच-सहा संशयित उभे करायचे म्हणजे प्रत्येकाला लपवण्यासारखं काहीतरी द्यावं लागतं: कुणाला बुडवलेलं कर्ज, कुणाला घराबाहेरचं प्रकरण, कुणाला मृत्युपत्रातली खाडाखोड. खऱ्या चेअरमनांनी असं काही लपवलंय का, हे तुला ठाऊक नाही. म्हणून तू ते रचतेस. आता रचलेलं गुपित आणि खरा सफारी एकाच अंगावर चढले, की गाव सफारीवरून माणूस ओळखतं आणि गुपितही खरं धरून चालतं. ‘आगीशिवाय का धूर निघतो?’ असं म्हणायला लोक टपलेलेच असतात. तुझे चेअरमन शेवटच्या प्रकरणात निर्दोष ठरतील, असं धरू. पण तोवर पुस्तकभर त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघून झालेलं असतं, आणि शेवटपर्यंत न वाचता बोलणारेही गावात कमी नसतात.

तेव्हा माझा आग्रह एकच आहे. गावच्या माणसांकडून त्यांची नजर घे, त्यांचं शहाणपण घे, त्यांना काय काय कळतं ते घे. त्यांच्या अंगावर गुपित मात्र चढवू नकोस.

गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या चेस्टरटनच्या पाद्र्याच्या, फादर ब्राऊनच्या, गोष्टी तू वाचल्यायस. तो कुठून आला ते ऐक. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात यॉर्कशरमधल्या कीथली गावी चेस्टरटनची गाठ जॉन ओकॉनर नावाच्या कॅथलिक धर्मगुरूशी पडली. दोघे माळावरून गप्पा मारत चालत निघाले. बोलता बोलता चेस्टरटनच्या ध्यानात आलं, की गुन्हेगारी, विकृती, माणसाच्या तळातला गाळ याबद्दल या शांत माणसाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक आहे. लोकांची पापं ऐकणं हे त्याचं कामच होतं. पुढे एका घरी केंब्रिजचे दोन विद्यार्थी भेटले. ओकॉनर खोलीबाहेर गेले तसा त्यांतला एक जण म्हणाला, की विद्वान माणूस खरा, पण असं चार भिंतींआड राहून जगातल्या वाईटाची ओळखही नसणं काही बरं नव्हे. चेस्टरटनला हसू दाबणं कठीण झालं. त्या दोन पोरांपेक्षा पाद्रीबाबाच वाईटाला जास्त जवळून ओळखत होता! त्या विसंगतीतून फादर ब्राऊन निघाला. पहिला संग्रह आला १९११ मध्ये.

आता चेस्टरटनने पुढे काय केलं बघ. खरे ओकॉनर नीटनेटके, चेहऱ्यावर बुद्धीचं तेज असलेले, जन्माने आयरिश. चेस्टरटनने आत्मचरित्रात स्वतःच कबूल केलंय, की आपण मित्राला पार ठोकूनठाकून बदलला: टोपी चेपली, छत्री वेडीवाकडी केली, कपडे गबाळे केले, हुशार चेहऱ्याचा गोल बावळट चेहरा केला आणि आयरिश माणसाला इंग्लंडातल्या सफोकचा करून टाकला. आतलं तेवढं राखलं. म्हणजे तू जे केलंयस त्याच्या अगदी उलट. आणि ओकॉनर रागावले का? मुळीच नाही. १९२२ मध्ये चेस्टरटन कॅथलिक झाला तो ओकॉनर यांच्याच हातून, आणि चेस्टरटन गेल्यावर १९३७ साली त्यांनी मित्राच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं तेव्हा त्याच्या नावातच स्वतःला ‘फादर ब्राऊन’ म्हणवून घेतलं. असं मॉडेल मिळायला भाग्य लागतं, पण ते भाग्य लेखकाच्या हातानेही थोडंफार घडवता येतं.

तुझ्या वाचनालयातल्या बाई म्हणजे तुझा फादर ब्राऊन. कोण कुठलं पुस्तक किती दिवस घरी ठेवतं, कुणाचं कार्ड अचानक बंद झालं, कुणाच्या घरून पुस्तक परत आणायला नवरा येऊ लागला, एवढ्यावरून त्यांना घरातलं हवामान कळतं, हे तू फार सुरेख टिपलंयस. त्यातला शब्दही बदलू नकोस. पण चष्म्याची ती मोत्यांची साखळी, उंबऱ्यावर पाय ठेवण्याआधीचा नमस्कार आणि त्यांच्या घरातलं ते दुखणं, हे सगळं काढ. खरं तर बाई वाचनालयातच हव्यात असंही नाही. हीच नजर गावातल्या आशा सेविकेकडे असू शकते. कुठल्या घरात कुठली गोळी चालू आहे आणि कुठली मध्येच बंद झाली, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? किंवा पोलीस ठाण्यासमोरच्या एखाद्या टपरीवाल्याकडे. हाक मारली की येतो म्हणून त्यालाच दरवेळी पंच करतात, आणि सह्या करून करून त्याने नव्या फौजदारापेक्षा जास्त पंचनामे पाहिलेले असतात. प्रेताच्या पायातली चप्पल उलट्या पायात आहे हे त्याला दिसतं, पण त्याचं कोण ऐकणार? (हा माणूस तुला नको असेल तर मला दे. मी वापरीन कधीतरी.)

आता खुनी. खुनी खऱ्या माणसावरून घेऊ नये, हे मी भीती घालायला सांगत नाही. कारागिरीच्या दृष्टीनेही ते जमत नाही. अगाथा ख्रिस्तीबाईंनी हा अनुभव लिहून ठेवलाय. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या आपली पहिली रहस्यकादंबरी रचत होत्या. आधी त्यांनी शेजारपाजारची, ओळखीची माणसं खुनी म्हणून मनात घोळवून बघितली. जमेना. ज्याला आपण ओळखतो तो आपल्या मर्जीप्रमाणे वागायला तयारच होत नाही. हा असं करणार नाही, असं मन सांगत राहतं. मग एकदा ट्राममध्ये काळ्या दाढीचा एक माणूस दिसला, शेजारी अखंड बडबडणारी एक वयस्क बाई, आणि पलीकडे बागेतल्या कंदांबद्दल मोठमोठ्याने बोलणारी एक धिप्पाड बाई. तिघांबद्दल त्यांना काडीचीही माहिती नव्हती. काम झालं! कादंबरी १९२० साली छापून आली. तुमच्या गावाला ट्राम नाही, पण एसटी आहे ना. अनोळखी माणूस अर्धा तास बघायला मिळणं हे ओळखीच्या माणसाला वीस वर्षं बघण्यापेक्षा लिहिणाऱ्याच्या जास्त उपयोगाचं असतं, असं माझं मत आहे. तुला पटायलाच हवं असं नाही.

अगाथाबाईंच्या म्हाताऱ्या डिटेक्टिव्हचं, मिस मार्पलचंही तेच. ती कुणा एकीवरून बेतलेली नाही. आजीच्या मैत्रिणी, लहानपणी गावोगावी भेटलेल्या म्हाताऱ्या, अशा बऱ्याच जणी मिसळून ती झाली. खुद्द आजीकडून अगाथाबाईंनी एकच गोष्ट उचलली: प्रत्येकाबद्दल वाईटात वाईट शंका घ्यायची आणि ती बहुधा खरी निघायची. अशी आजी आपल्याकडे घरटी एक असते. पण तिची नऊवारी, तिची तपकिरीची डबी नि तिचं माहेर घेतलंस, तर ती फक्त तुझी आजी राहील.

एकदा मात्र त्यांनी ओळखीचा माणूस घेतला, कारण तोच हात धुऊन मागे लागला होता. मेजर बेल्चर. १९२२ मध्ये ब्रिटिश साम्राज्याच्या प्रदर्शनाच्या प्रचारासाठी जो जगप्रवास झाला त्यात अगाथाबाई आणि त्यांचे तेव्हाचे नवरे ह्या बेल्चरसाहेबांबरोबर होते. गृहस्थ महा लहरी. मला तुझ्या कादंबरीत घाल म्हणाला, आणि वर अट अशी, की मला मेलेला नको, खुनी कर! अगाथाबाईंना लिहिता येईना. मग नवऱ्याने सुचवलं, की त्याला ‘सर’ ही पदवी देऊन टाक. सर युस्टेस पेडलर हे नाव आणि तो हुद्दा मिळाला मात्र, आणि पात्र चालायला लागलं. बेल्चरच्या बोलण्याची ढब, त्याचे किस्से राहिले. बेल्चर मागे पडला. १९२४ मधलं ‘द मॅन इन द ब्राऊन सूट’ ते हेच. यातलं तुझ्या कामाचं म्हणजे हुद्दा बदलला की हात मोकळा होतो. चेअरमनांना पतसंस्थेतून उठव. कापसाचा व्यापारी कर, निवृत्त वनाधिकारी कर, काहीही कर.

इथे एक व्यवहारातली गोष्ट सांगते. गावात काही पदं अशी असतात की त्यांवर माणूस एकच. पोलीस पाटील एक, सरपंच एक, वाचनालयाचा ग्रंथपाल एक, तुमच्या पतसंस्थेचा चेअरमनही एकच. ‘सरपंच’ म्हटलंस की नाव घ्यायची गरजच उरत नाही. शिक्षक, बचत गटातल्या बायका, वाळूचे नि खडीचे ठेकेदार, गणेश मंडळांचे अध्यक्ष मात्र ढिगाने. संशयित शोधायचे ते या गर्दीतून. एकुलत्या पदावरचा माणूस हवाच असेल तर तो बाहेरगावाहून बदली होऊन आलेला दाखव आणि बाई असेल तर पुरुष कर, पुरुष असेल तर बाई.

आता आडनावं. तू संशयितांना दिलेली आडनावं वाचून मला जरा घाम फुटला. आपल्याकडे आडनाव नुसतं आडनाव कधीच नसतं. ऐकणारा त्यातून गाव काढतो, जात काढतो, भावकी काढतो, आणि दोन मिनिटांत कुणाचा चुलत मेहुणा तेही काढतो. तुझ्या कथेत व्याजाने पैसे देणारा एका समाजाचा, दारू गाळणारा दुसऱ्या आणि खुनाचा छडा लावणारा तिसऱ्या, असं नकळत झालंय. तुझ्या मनात काही नव्हतं, मला माहितीय. पण छापल्यावर मन कोण बघतं? आडनावं लिहून काढ, पुढे प्रत्येकाचं काम लिही आणि ती यादी एकदा परक्याच्या डोळ्यांनी वाच. कित्येकांना आडनाव न देताच चालतं: मास्तर, कंपाउंडर, धाकट्या वहिनी. गाव तसंच बोलतं.

अगदी आगळंवेगळं नाव शोधून काढलं की आपण सुटलो, असंही समजू नकोस. १९०८ साली इंग्लंडातल्या ‘संडे क्रॉनिकल’ने एक गमतीचा लेख छापला. त्यात आर्टेमस जोन्स नावाचा पेकहॅमचा एक सभ्य चर्च-कारभारी फ्रान्समध्ये परस्त्रीबरोबर मजा मारताना दाखवला होता. नाव वाटेल तसं रचलेलं, असं लिहिणाऱ्याचं म्हणणं. निघाला की खरा आर्टेमस जोन्स! तो बॅरिस्टर, बिनलग्नाचा, पेकहॅमशी काही संबंध नाही. तरी ओळखीच्या लोकांना तो आपणच वाटलो, अशी त्याने फिर्याद लावली, १,७५० पौंड मिळवले आणि १९०९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेही ते कायम केले. जितकं दुर्मीळ नाव तितका त्या नावाचा खरा माणूस चटकन सापडतो. साधं, चारचौघांत हरवणारं नाव बरं.

उलटही घडतं. इराकमधल्या उरच्या उत्खननाचे प्रमुख लिओनार्ड वूली यांच्या पत्नी कॅथरिन, देखण्या आणि तितक्याच लहरी, सगळ्या तळाला बोटावर नाचवणाऱ्या. अगाथाबाई त्या तळावर राहून आलेल्या. दुसरे नवरे मॅक्स मॅलोवन त्यांना १९३० मध्ये तिथेच भेटले. १९३६ च्या ‘मर्डर इन मेसोपोटेमिया’मध्ये उत्खनन-प्रमुखाच्या लहरी, देखण्या बायकोचाच खून होतो. मॅलोवन यांनी पुढे आठवणींत लिहिलं, की सुदैवाने कॅथरिनबाईंनी त्यात स्वतःला ओळखलंच नाही. म्हणजे जिला घातली ती ओळखत नाही, ज्याला घातलाच नाही तो कोर्टात जातो. तेव्हा ‘त्यांना कळणार नाही गं’ या भरवशावर राहू नकोस. त्यांना नाही कळलं, तरी त्यांच्या सुनेला कळेल.

कायद्याचं थोडक्यात. जुन्या दंडसंहितेतलं ४९९-५०० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ झालंय, १ जुलै २०२४ पासून. बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. उपरोधाने लिहिलेलंही त्यात धरतात. संस्थेचीही बदनामी होते, त्यामुळे पतसंस्थेतल्या त्या अफरातफरीच्या प्रकरणावर पुन्हा एकदा नजर टाक. मेलेल्या माणसावर काही लादून त्याच्या घरच्यांना दुखवायचा हेतू दिसला, तर तेही सुटत नाही. आणि ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही पहिल्या पानावरची ओळ? ती हॉलिवूडमध्ये रूढ झाली तीच मुळी एका खटल्यामुळे. रास्पुटिनवर १९३२ मध्ये आलेल्या चित्रपटातली बाई म्हणजे मीच, म्हणून राजकन्या इरिना युसुपोव्ह यांनी लंडनमध्ये दावा लावला आणि १९३४ मध्ये २५,००० पौंड मिळवले. ओळ घाल, जरूर घाल. पण पांढरा सफारी तिच्यामागे लपत नाही.

मला कोर्टाची खरं तर तेवढी काळजी वाटत नाही. तुमच्या गावातून पुण्यात येऊन कोण कज्जे करत बसणार! काळजी वाटते ती काका-काकूंची. लिहिणारी तू पुण्यात, आणि शनिवारच्या बाजारात पिशवी घेऊन जाणार काकू. चेअरमनांच्या पतसंस्थेत ठेव काकांची. रहस्यकथाकार सिमेनाँने आपल्या लिएज शहरातल्या बालपणावर ‘पेडिग्री’ लिहिली, १९४८ साली आली. रहस्यकथाही नव्हती ती. तरी गावच्या लोकांनी त्याच्यावर खटले भरले आणि नव्या आवृत्तीत काही ठिकाणी जागा कोऱ्या सोडाव्या लागल्या. तो केव्हाच गाव सोडून गेला होता. तुझी माणसं तिथेच आहेत. म्हणून वाचनालयातल्या बाईंना आधी जाऊन सांग, की बाई, मी तुमच्या नजरेवरून एक पात्र लिहितेय, चालेल का? त्यांना आनंद होईल असं मला वाटतं. नाही झाला, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. अण्णांना विचारायला जाऊ नकोस. ते स्टँडभर सांगत सुटतील आणि पुस्तक यायच्या आधीच खुनी कोण यावर पैजा लागतील.

आणि गावालाच नवं नाव दे. नदी, घाट, हायवेचा फाटा, सगळं खरंच ठेवलंयस, त्यामुळे वाचणारा प्रत्येक घरावर बोट ठेवू शकतो. सिसिलीत आंद्रेआ कामिल्लेरीने ‘विगाता’ नावाचं गाव रचलं. मूळ गाव पोर्तो एम्पेदोक्ले, त्याचं स्वतःचं. तिथल्या इन्स्पेक्टर माँताल्बानोच्या कथा इतक्या गाजल्या की २००३ मध्ये त्या गावाने आपल्या नावापुढे अधिकृतपणे ‘विगाता’ जोडलं, आणि २००९ मध्ये काढूनही टाकलं! रचलेल्या गावात सोय अशी, की तुमची नदी घेता येते, माझ्या माहेरचा किल्ला घेता येतो, कुणाच्या तरी तालुक्यातला साखर कारखाना आणून मध्ये बसवता येतो. मग चेअरमन कुठल्या गावचे, हा प्रश्नच उरत नाही.

फक्त नाव ठरवताना ‘वाडी’ किंवा ‘पूर’ लावून मोकळी होऊ नकोस. तसं गाव कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यात असतंच. दोन-तीन नावं सुचली की फोन कर. जनगणनेच्या गावांच्या यादीत ती आहेत का, ते दोघी मिळून बघू.